चीन स्वतःचं स्वतः फिरायचंय? पासपोर्ट आणि मोबाईल या दोन गोष्टी घरूनच पक्क्या करून निघा

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये आई आणि मी दोघीच चीन फिरून आलो, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी निघालो आणि घटस्थापनेच्या आदल्या दिवशी घरी. टूर कंपनी नाही, गाईड नाही. आई ६३ वर्षांची, पक्की शाकाहारी, त्यात चातुर्मास म्हणून कांदा-लसूण पण बंद. आल्यापासून जो भेटतो तो हेच विचारतो की भाषा येत नाही, खायला मिळत नाही, मग जमलं कसं? प्रत्येकाला फोनवर अर्धा-अर्धा तास सांगून झालं, आता एकदाच नीट लिहिते.

पहिली गोष्ट, भाषेनं आमचं फारसं काही अडलं नाही. चीनमध्ये माणूस अडतो तो वेगळ्याच ठिकाणी. तिथं ट्रेनचं तिकीट, हॉटेलची खोली, म्युझियमची एंट्री, सिमकार्ड सगळं तुमच्या पासपोर्ट नंबरला जोडलेलं असतं, आणि पैसे, नकाशा, टॅक्सी, हॉटेलातलं मेनूकार्ड सगळं मोबाईलमध्ये. ही दोन्ही कामं घरी सोफ्यावर बसून, आपल्या वायफायवर, आपला ओटीपी येत असताना करून ठेवली तर हा देश फिरायला अतिशय सोपा आहे. आणि तिथं उतरून करू म्हणालात तर पहिले दोन दिवस विमानतळ आणि हॉटेलच्या लॉबीतच जातील. म्हणून या लेखात अर्ध्याहून जास्त गोष्टी निघायच्या आधीच्याच आहेत.

कधी जायचं आणि किती फिरायचं

चीन भारताच्या जवळपास तिप्पट आहे. सगळ्या देशाला घड्याळ मात्र एकच, आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. पंधरा दिवसांत सगळं बघू असं मनात आणूच नका. आम्ही बीजिंग ५ रात्री, शिआन ३, चेंगडू ३, चोंगचिंग १ आणि शांघाय २ असं केलं आणि मला तरी यापेक्षा एकही शहर जास्त झेपलं नसतं. एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचा दिवस अर्धा जातोच, ट्रेन कितीही फास्ट असली तरी.

हवा एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर चांगली. पण १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा, मेच्या पहिल्या तारखांची सुट्टी आणि जानेवारी-फेब्रुवारीत येणारं त्यांचं नवीन वर्ष, हे तीन काळ कटाक्षानं टाळा. आपल्याकडं दिवाळीच्या आदल्या दिवशी स्वारगेटला जे असतं ते तिथं अख्ख्या देशात असतं. तिकिटं मिळत नाहीत आणि हॉटेलचे दर कुठल्या कुठं जातात.

तिबेट डोक्यात असेल तर तो भाग वेगळा धरा. तिथं परदेशी माणसाला स्वतंत्र फिरता येत नाही, एजन्सीमार्फत परमिट आणि गाईड लागतोच.

व्हिसा

यूट्यूबवर 'चीनला व्हिसाच लागत नाही' असे व्हिडिओ बघून बरेच जण फसतात. २४० तास व्हिसाशिवाय राहायची जी सोय आहे ती ठरावीक देशांच्या पासपोर्टला आहे, भारतीय पासपोर्टला नाही. तुमची मुलगी अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्टवर असेल आणि चीनमार्गे तिसऱ्या देशात जाणार असेल तर तिला ती चालेल, तुम्हाला नाही. आपल्याला टुरिस्ट व्हिसा काढायचाच आहे. फॉर्म ऑनलाइन भरायचा, मग कागदपत्रं. निघताना पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी, कोरी पानं हवीत, आणि विमानाची तिकिटं, हॉटेल बुकिंग आणि दिवसवार प्लॅन यातल्या तारखा एकमेकींशी जुळायला हव्यात. फॉर्म आम्ही एका एजंटकडून भरून घेतला होता, त्यानं आईच्या नावातलं एक अक्षर चुकवलं आणि सगळं परत करावं लागलं, त्यात आठ दिवस गेले. फॉर्म स्वतः भरा, नाहीतर सबमिट करायच्या आधी पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर तपासा. हॉटेल बुकिंग फुकट कॅन्सल होणारंच घ्या.

२०२० पासून बंद असलेल्या भारत-चीन थेट फ्लाइट्स ऑक्टोबर २०२५ मध्ये परत चालू झाल्या, कोलकाता-ग्वांगचौपासून सुरुवात झाली. आम्ही त्याच्या आधी गेलो म्हणून बँकॉकवरून जावं लागलं. अरायव्हल कार्ड आम्ही विमानात कागदावर भरलं होतं, नोव्हेंबर २०२५ पासून ते ऑनलाइनही भरता येतं, घरीच भरून टाका.

मोबाईल: हे काम निघायच्या किमान दहा दिवस आधी

गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टा, फेसबुक यातलं काहीही तिथल्या नेटवर चालत नाही. हॉटेलच्या वायफायवरही नाही. सगळ्यात सरळ उपाय म्हणजे चीनच्या बाहेरच्या कंपनीचं ट्रॅव्हल ई-सिम घ्या किंवा आपल्याच सिमवर इंटरनॅशनल रोमिंग पॅक मारा. रोमिंगवर असलात की नेट तुमच्या मूळ कंपनीच्या देशातून फिरून येतं, त्यामुळं व्हॉट्सॲप व्यवस्थित चालतं, आई रोज रात्री बाबांना व्हिडिओ कॉल करायची. मात्र ई-सिम डेटासाठी घेतलं तरी आपलं इंडियन सिम काढून ठेवू नका. त्यावर एसएमएस येण्यापुरतं रोमिंग चालू ठेवा. बँकेचा ओटीपी त्यावरच येणार आहे आणि तो आला नाही तर कार्ड असून नसल्यासारखंच.

मग ॲप्स. अलीपे, म्हणजे मोबाईलवरून पैसे द्यायचं तिथलं ॲप, सगळ्यात महत्त्वाचं. घरीच डाउनलोड करा, पासपोर्टचा फोटो देऊन ओळख पटवून घ्या, आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डचं डेबिट-क्रेडिट कार्ड जोडा. जोडायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन इंटरनॅशनल व्यवहार चालू करा, हे लोक हमखास विसरतात. कार्डं दोन ठेवा, दोन वेगळ्या बँकांची. माझं एक कार्ड अलीपेमध्ये जोडलं गेलं, पण शिआनमध्ये पेमेंट करताना नाकारलं जायला लागलं, दुसरं होतं म्हणून निभावलं. २०० युआनपर्यंतच्या पेमेंटला अलीपे काही चार्ज लावत नाही, त्याच्या वर गेलं की ३ टक्के लागतात, म्हणून हॉटेलसारखी मोठी रक्कम घरूनच बुकिंग साइटवर भरून टाकलेली बरी. वीचॅटही घ्या, ते तिथलं व्हॉट्सॲपच, पैसेही त्यातून देता येतात, पण त्याचं खातं उघडताना कधी कधी आधीपासून वापरणाऱ्या कोणीतरी क्यूआर स्कॅन करून द्यावा लागतो, चीनशी धंदा करणारं ओळखीत कोणी असेल तर त्याला सांगून ठेवा.

नकाशासाठी गूगल मॅप्सवर विसंबू नका, उघडलं तरी तिथं रस्ते आणि उपग्रहाचं चित्र एकमेकांवर बसत नाही, ठिपका नदीत दिसतो. आयफोनवाल्यांना ॲपलचा नकाशा चांगला चालतो, बाकीच्यांनी 'एमॅप' घ्या, त्यात इंग्रजी आहे. भाषांतराचं ॲप घ्या आणि चिनी भाषा ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. कॅमेरा मेनूकार्डवर धरला की इंग्रजीत दिसतं, तेवढं पुरतं.

आणि एक कागदाची गोष्ट. प्रत्येक हॉटेलचं नाव-पत्ता चिनी अक्षरांत प्रिंट काढून पर्समध्ये ठेवा. फोन बंद पडला तर तेवढा कागद दाखवून घरी येता येतं. आईच्या पर्समध्ये मी तिचा वेगळा संच ठेवला होता, माझा नंबर लिहून.

पैसे

एक युआन साधारण १२-१३ रुपये धरा. ९० टक्के खर्च अलीपेतूनच होतो, अगदी रताळी भाजून विकणाऱ्या मावशींच्या गाडीवरही क्यूआर लावलेला असतो. दोन पद्धती आहेत, एक तर तुम्ही त्यांचा कोड स्कॅन करून रक्कम टाकायची, नाहीतर तुमचा कोड दाखवायचा आणि ते पिस्तुलासारख्या मशीननं स्कॅन करतात. आपल्याकडं यूपीआयची सवय आहेच त्यामुळं दुसऱ्या दिवशी आईसुद्धा करायला लागली. तरी हजार-दीड हजार युआन रोख ठेवा आणि त्यात १० आणि २० च्या नोटा मागून घ्या. रोख नाकारायला कायद्यानं परवानगी नाही, पण १०० च्या नोटेला सुट्टे नसणं ही अडचण खरीच असते.

हॉटेल

परदेशी पाहुण्याची नोंद २४ तासांच्या आत पोलिसांकडं व्हावी लागते. हॉटेलवाले चेक-इनला पासपोर्ट घेतात आणि स्वतःच करतात, तुम्हाला काही करावं लागत नाही. ओळखीच्यांच्या घरी राहिलात तर मात्र स्वतः पोलीस चौकीत जाऊन नोंद करायची. छोट्या हॉटेलांना कधी कधी ही नोंदणी करताच येत नाही. चेंगडूला रात्री नऊ वाजता आमच्याबरोबर तेच झालं, बुकिंग कन्फर्म असून काउंटरवरची मुलगी बिचारी दहा मिनिटं कॉम्प्युटरशी झटत होती आणि शेवटी हात जोडून नाही म्हणाली. चेनचं हॉटेल जवळ होतं म्हणून निभावलं. आईला घेऊन बॅगा ओढत रात्री फिरणं नको वाटतं, म्हणून बुकिंग करतानाच परदेशी पाहुण्यांचे रिव्ह्यू आहेत का बघा, आणि हॉटेलला आधी मेसेज टाकून विचारा. २५०-३५० युआनमध्ये स्वच्छ, मेट्रोजवळची डबल रूम मिळते. मेट्रोपासून चालत पाच मिनिटं, हा एकच निकष मी लावला होता आणि तो सगळीकडं बरोबर ठरला.

ट्रेन

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या भागाकडं येते. चीन खरा बघायचा तर ट्रेननं. बीजिंग-त्यानजिन हा त्यांचा ३५० च्या वेगाचा पहिला मार्ग २००८ मध्ये सुरू झाला आणि आज हायस्पीड मार्गांचं जाळं ४५ हजार किलोमीटरच्या वर गेलंय. बीजिंग ते शांघाय १,३१८ किलोमीटर, फास्ट गाडीनं साडेचार तास. आमच्या मार्गावरचा शिआन ते चेंगडू हा टप्पा तर आयुष्यभर लक्षात राहील, छिनलिंगचे डोंगर, बोगद्यातून बाहेर आलो की दोन सेकंद हिरवीगार दरी, परत बोगदा, असं कितीतरी वेळ. आई खिडकीला कपाळ लावून बसली होती आणि म्हणाली, आपला खंडाळ्याचा घाटच, संपतच नाही गं हा.

तिकीट काढायचं रेल्वेच्या '१२३०६' या ॲपवर, त्यात इंग्रजी आहे. खातं उघडून पासपोर्टचा फोटो द्यावा लागतो आणि तो तपासून मंजूर व्हायला वेळ जाऊ शकतो, म्हणून हेही घरूनच. इथं मराठी माणसाची एक खास अडचण आहे. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःच्या नावापुढं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं आणि आपण सवयीनं ते गाळतो. गाळू नका. पासपोर्टवर आहे तसं पूर्ण, त्याच स्पेलिंगनं टाका, नाहीतर नाव जुळत नाही म्हणून खातं मंजूर होत नाही. हे नको वाटलं तर ट्रिप डॉट कॉमवरून काढा, थोडे जास्त पैसे जातात पण सोपं आहे.

विक्री प्रवासाच्या १५ दिवस आधी उघडते, त्याच्या आधी कितीही शोधलं तरी दिसणार नाही, घाबरू नका. शुक्रवार-रविवारच्या गाड्या लवकर भरतात. तिकीट रद्द केलं तर दोन दिवसांच्या वर वेळ असेल तर ५ टक्के, एक ते दोन दिवस असतील तर १० टक्के आणि चोवीस तासांच्या आत २० टक्के कापतात, आठ दिवस आधी केलं तर काहीच नाही.

गाडीच्या नंबरात पहिलं अक्षर बघायचं. जी म्हणजे सगळ्यात वेगवान, डी त्याच्या खालची, आणि झेड, टी, के या जुन्या पद्धतीच्या गाड्या, रात्रभर झोपून जायच्या. हायस्पीडमध्ये सेकंड क्लास अगदी मस्त असतो, फर्स्टचे पैसे घालवायची गरज नाही. सीटला ए, बी, सी आणि पलीकडं डी, एफ अशी अक्षरं असतात, ए आणि एफ खिडकीच्या. दोघंच असाल तर डी-एफ मागा. रात्रीच्या गाडीत 'हार्ड स्लीपर' म्हणजे आपला थ्री टायर, एका कप्प्यात सहा बर्थ आणि दार नाही; 'सॉफ्ट स्लीपर' चार बर्थचा, दार लावता येतं. हार्ड नुसतं नावाला, गादी असतेच. सगळ्यात वरचा बर्थ स्वस्त पण तिथं बसता येत नाही, वयस्कर माणसाला खालचाच घ्या.

आता स्टेशन. एका शहरात चार-पाच मोठी स्टेशनं असतात आणि ती एकमेकांपासून दादर-कुर्ल्यासारखी नाहीत, तासभर लांब असतात. बीजिंग, बीजिंग वेस्ट, बीजिंग साउथ, बीजिंग फंगताय ही सगळी वेगळी. आमची शिआनची गाडी बीजिंग वेस्टहून होती आणि टॅक्सीवाल्याला मी नुसतं 'बीजिंग स्टेशन' दाखवलं. उतरून बोर्डावर आमची गाडीच सापडेना तेव्हा पोटात गोळा आला. पण गाडी चुकली तरी त्याच दिवशीच्या दुसऱ्या गाडीवर तिकीट बदलून मिळतं, काउंटरवर पासपोर्ट दिला, पाच मिनिटांत दोन तासांनंतरची गाडी मिळाली. तेव्हापासून चार शब्द पाठ केले: तोंग पूर्व, शी पश्चिम, नान दक्षिण, पेइ उत्तर. बीजिंगमधला बी म्हणजे हाच पेइ, उत्तरेकडची राजधानी.

गाडीच्या किमान एक तास आधी पोचा. दारात पासपोर्ट तपासतात, मग बॅगा मशीनमधून जातात. मोठा डिओचा स्प्रे, सुरी, कात्री काढून घेतात, आईची सफरचंद कापायची सुरी पहिल्याच दिवशी गेली. मग विमानतळासारखा प्रचंड हॉल, बोर्डावर गाडीचा नंबर आणि गेट. गेट गाडीच्या पंधरा-वीस मिनिटं आधी उघडतं आणि सुटायच्या काही मिनिटं आधी बंद होतं म्हणजे बंदच होतं, हातापाया पडून उपयोग नाही. कागदी तिकीट नसतंच, पासपोर्ट हेच तिकीट. चिनी लोक ओळखपत्र टेकवून ऑटोमॅटिक गेटनं जातात, त्यांच्या मागं उभं राहून तुमचं गेट उघडलं नाही तर गोंधळू नका, कडेला माणूस बसलेलं एक गेट असतं तिकडं जायचं. तो पासपोर्ट मशीनवर ठेवतो, हिरवा दिवा, झालं. खाली प्लॅटफॉर्मवर फरशीवर डब्याचे नंबर रंगवलेले असतात, आपल्या नंबरावर उभं राहायचं, डबा बरोब्बर तिथंच येतो.

शहरात

मेट्रोला अलीपेतच शहर निवडून क्यूआर काढता येतो, आत जाताना आणि बाहेर येताना दाखवायचा. बीजिंगमध्ये ३ युआनपासून भाडं आहे. टॅक्सीसाठी अलीपेच्या आतच 'दीदी' आहे, ओला-उबरसारखंच, ड्रायव्हरशी चॅट आपोआप भाषांतर होऊन येतं. विमानतळ आणि स्टेशनबाहेर 'टॅक्सी टॅक्सी' करत मागं लागणाऱ्यांकडं बघूही नका.

मोठ्या जागांचं बुकिंग आधी लागतं आणि तेही पासपोर्ट नंबरवर. बीजिंगचा राजवाडा, फॉरबिडन सिटी, सोमवारी बंद असतो, तिकिटं सात दिवस आधी त्यांच्या रात्री आठला म्हणजे आपल्या साडेपाचला उघडतात आणि सीझनमध्ये बघता बघता संपतात. तियानमेन चौकात जायलाही आधी वेळ घ्यावी लागते. चीनच्या भिंतीसाठी आम्ही तिचा मुतियान्यूचा भाग निवडला, वर जायला केबलकार आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी तिकडंच जावं. शिआनची मातीची सेना, म्हणजे जमिनीत पुरलेले मातीचे सैनिक (टेराकोटा आर्मी), तिकीट १२० युआन, १९७४ मध्ये शेतकऱ्यांना विहीर खणताना सापडली, सकाळी दार उघडताच गेलात तर पहिल्या खड्ड्याच्या कठड्याला जागा मिळते. चेंगडूचे पांडासुद्धा सकाळीच, ऊन चढलं की झोपतात.

शिआनमध्ये जंगली हंसांचा मोठा पॅगोडा चुकवू नका. शाळेत इतिहासात तो ह्युएन त्संग शिकलो ना, त्यानं भारतातून नेलेली पोथ्यापुराणं ठेवायला इसवी सन ६५२ मध्ये हा बांधला. हाच माणूस चालुक्य राजा पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला, आपल्या लोकांबद्दल त्यानं लिहून ठेवलंय. त्याच्या पुतळ्यासमोर उभं राहिलं की कोणी गावचं माणूस भेटल्यासारखं वाटतं.

उच्चाराचं एक सांगते, मराठी माणसाला फायदा आहे. 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च हे दोन वेगळे आवाज आपल्याला जन्मतः येतात, चिनी भाषेतही हे दोन्ही वेगळे लागतात, हिंदी-इंग्रजीवाले तिथं अडखळतात. नकाशात चेंगडू लिहिलेलं असलं तरी 'छंग-तू' म्हणा, चोंगचिंगला 'छोंग-छिंग'. आणि चहा मागायचा तर 'छा', शब्द आपल्याकडं तिकडूनच आलाय.

शाकाहारी माणसानं काय खायचं

'व्हेज' हा शब्द तिथं कोणाला कळत नाही, आणि कळला तरी मांसाचा तुकडा नाही म्हणजे व्हेज असा समज असतो, रस्सा हाडांचाच असतो. आम्ही एक कार्ड छापून नेलं होतं चिनी अक्षरांत, त्यावर एकेक गोष्ट लिहिलेली: मांस, चिकन, मासे, कोळंबी, मांसाचं सूप, चरबी, ऑयस्टर सॉस, कांदा, लसूण चालत नाही. अंडं चालतं की नाही तेही लिहा. तोंडानं म्हणायचं 'वो छ सू', मी शाकाहारी खाते.

आणि खरा शोध लागला तो बीजिंगमध्ये दुसऱ्या दिवशी. नकाशात 'सू-श' शोधा, चिनी अक्षरं आधीच कॉपी करून ठेवा. ही बौद्ध शाकाहारी हॉटेलं, बहुतेक देवळांच्या आसपास असतात, आणि बौद्ध परंपरेत कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य, त्यामुळं आईच्या चातुर्मासाला अगदी फिट्ट. दुपारी बुफे असतो बऱ्याच ठिकाणी, मशरूमचे पाच प्रकार, टोफू, कमळकाकडी, भोपळा, भात. आई पहिल्यांदा ताट भरून आली आणि दोनदा गेली. जैन मंडळींनी तर डोळे झाकून हीच हॉटेलं शोधावीत, फक्त बटाटा-रताळं तेवढं विचारून घ्यावं.

साध्या हॉटेलात मागायच्या गोष्टी: तू-तोउ-स म्हणजे बटाट्याचे बारीक काप परतलेले, ती-सान-शिएन म्हणजे बटाटा-वांगं-ढोबळी मिरची, अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंड्याची भाजी. 'मापो टोफू' नावाला टोफू पण त्यात खिमा असतो. चेंगडूचा लाल हॉटपॉट, म्हणजे टेबलावरच उकळत्या रश्श्यात शिजवून खायचं जेवण, गुरांच्या चरबीत असतो, तिथं मधे पडदा असलेलं भांडं मिळतं, एका बाजूला मशरूमचा साधा रस्सा मागून घ्यायचा. शिआनच्या मुस्लिम गल्लीत लियांगफी मिळते, गार, रुंद, गव्हाच्या किंवा तांदळाच्या पिठाची पट्टी, तिखट आणि व्हिनेगर घातलेली. त्यात लसूण असते, ती मी खाल्ली. दुपारचं जेवण साडेअकरा ते दीड, रात्रीचं साडेपाचपासून, आपल्यासारखं नऊला गेलात तर छोट्या हॉटेलांची भांडी घासून झालेली असतात.

घरून काय न्यायचं? आईनं सोलापूरच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती, बिनलसणाची, घरी कुटलेली. ट्रेनमध्ये तेच. मेतकूट, उपमा-पोह्यांची नुसतं गरम पाणी घालायची पाकिटं, चहाचं प्रीमिक्स हे सगळं चालतं कारण उकळतं पाणी तिथं सगळीकडं फुकट, प्रत्येक ट्रेनच्या डब्याच्या टोकाला नळ आहे, स्टेशनवर आहे, हॉटेलात किटली आहे. स्टीलचा थर्मास आणि वाटी-चमचा बरोबर ठेवा. नळाचं पाणी तसंच पिऊ नका. मांस, दूध, लोणी, चीज, ताजी फळं-भाज्या न्यायला बंदी आहे, त्या नेऊ नका.

फळं तिथं भरपूर. भाव लिहिलेला असतो तो अर्ध्या किलोचा, त्याला ते 'चिन' म्हणतात, किलोचा समजून घोटाळा होतो. आणि आकडे हातानं दाखवतात: अंगठा-करंगळी ताठ म्हणजे सहा, अंगठा-तर्जनी ताठ म्हणजे आठ, दोन तर्जन्या एकमेकींवर फुली म्हणजे दहा. चेंगडूच्या बाजारात पेरवाल्या बाईनं आठ दाखवले, आईनं सहा दाखवले, ती हसली आणि वर एक पेर टाकून सहानं दिले. दोघींच्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

बारीकसारीक पण महत्त्वाचं

पॉवर बँकेवर चीनची '३सी' खूण नसेल तर तिथल्या देशांतर्गत विमानात नेऊ देत नाहीत, २८ जून २०२५ पासूनचा नियम आहे. मला माहीत नव्हता, चोंगचिंगहून शांघायला विमानानं जाताना नवी कोरी पॉवर बँक सिक्युरिटीला द्यावी लागली. ट्रेननंच फिरत असाल तर प्रश्न नाही, आणि दुकानादुकानांत तासावर भाड्यानं पॉवर बँक मिळतात, अलीपेनं स्कॅन करून.

सार्वजनिक टॉयलेट जागोजागी आणि फुकट, बहुतेक भारतीय पद्धतीची, पण आत पाणी नाही आणि बऱ्याचदा कागदही नाही. टिश्यूचं पाकीट आणि छोटी बाटली कायम पर्समध्ये हवी.

चौकात दोन गोड बोलणाऱ्या मुली येऊन 'आम्हाला इंग्रजीचा सराव करायचाय, चला चहा घेऊ' म्हणाल्या तर हसून पुढं चला, त्या चहाचं बिल हजारांत येतं. बाकी देश सुरक्षित वाटला, रात्री दहालाही आम्ही दोघी आरामात चालत यायचो. पोलीस ११०, ॲम्ब्युलन्स १२०, आग ११९. भारताचा दूतावास बीजिंगला, कॉन्सुलेट शांघाय आणि ग्वांगचौला, नंबर सेव्ह करून ठेवा. पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत, औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी.

एक दिवस श-च्या-च्वांगसाठी ठेवा

हे कुठल्याच टूरच्या प्लॅनमध्ये नसतं आणि मराठी माणसानं तरी जावंच असं मला मनापासून वाटतं. बीजिंग वेस्टहून जी गाडीनं सव्वा तासाच्या आसपास, नकाशात शिजियाझुआंग लिहिलेलं असतं. तिथल्या हुतात्मा स्मशानभूमीत आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. १९३८ मध्ये काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं त्यात ते गेले, बाकीचे परतले, ते तिथंच राहिले, जखमी सैनिकांची ऑपरेशनं करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी गेले. आईचं माहेर सोलापूरचं, तिथलं त्यांच्या घराचं स्मारक तिनं लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळं ही जागा तिनं घरूनच यादीत सगळ्यात वर लिहिली होती.

सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं, परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवा. स्टेशनवरून मेट्रो आहे, उतरायचं ते 'लिएश लिंगयुआन' स्टेशनला. चिनी लोक त्यांना 'ख ती-हुआ' नावानं ओळखतात, ते नाव चिनी अक्षरांत फोनवर ठेवा. फुलं बाहेरूनच घेऊन जा.

आम्ही गेलो तेव्हा गेटवर एक वयस्कर सिक्युरिटीवाले काका होते. मी फोन काढून भाषांतराचं ॲप उघडत होते, तेवढ्यात त्यांनी हात पुढं करून पासपोर्ट मागितला. आईचा निळा पासपोर्ट उलटून बघितला, वरची सिंहमुद्रा बघितली, तिच्या हातातली फुलं बघितली, आणि मी काही विचारायच्या आधीच आतल्या झाडांकडं बोट करून म्हणाले, "ख ती-हुआ."